शिंपल्याचं पाणी

स्वाती नक्षत्र लागतं ते दिवाळीच्या मागेपुढे. झाडीपट्टीत तेव्हा हलका धान कापणीला आलेला असतो, भारी धान अजून उभा असतो आणि तलाव काठोकाठ असतात. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या गोष्टीतला शिंपला मात्र नेहमी समुद्रातला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे मोती हा आपल्या भागाचा विषय आहे असं इथं कुणाच्या मनातही येत नसे.

तो आता आपला विषय झाला आहे. गडचिरोली शहराजवळच्या पारडी कुपी या गावात एका शेतकऱ्यानं आपल्या तळ्यात गोड्या पाण्यातले मोती पिकवले. ते परदेशात गेल्याच्या बातम्या देशभरच्या वर्तमानपत्रांत आल्या. बियाणं म्हणून त्यानं सुरुवातीला वापरले ते जवळून वाहणाऱ्या वैनगंगेतले शिंपले. तेच शिंपले आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कैऱ्या सोलायला वापरले गेले. पाठीवर दगडानं घासून भोक पाडलं की शिंपल्याची सोलणी तयार. बाळाला दूध पाजायलाही घरात शिंपलाच असे. नदीच्या वाळूत पाय घातला की टोचणारी ही वस्तू दागिन्याच्या पेटीत जाऊ शकते, ही बातमी या जिल्ह्यांसाठी लहान नाही. म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. त्यासाठी दोन ठिकाणी जावं लागतं. एक वैनगंगेचं खोरं. दुसरं जपानच्या पूर्व किनाऱ्यावरचं टोबा, जिथं आधुनिक मोतीशेतीची सुरुवात झाली आणि जिथल्या बाया आजही श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात.

चंद्रपूरहून सकाळी निघालं की मूल, सावली, व्याहाड करत रस्ता वैनगंगेच्या पुलावर येतो. पलीकडे गडचिरोली. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. या रस्त्यानं जाताना जंगल नजरेत भरतं, पण नीट पाहिलं तर दर काही मैलांवर पाणी आहे: शेताच्या पोटातली बोडी, गावाच्या डोक्यावरचा तलाव, तलावाखाली धानाची बांधी. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन द्यायची पद्धत घातली होती. त्या देणगीला तुकूम म्हणत; चंद्रपुरातल्या तुकूम वस्तीच्या नावात ती अजून शिल्लक आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात कुणी धरू शकत नव्हता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि लोकांच्या तोंडी त्यांचं नाव पडलं मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालक गेला. पाळ कुणी बांधायची, गाळ कुणी काढायचा, नहर कुणी साफ ठेवायची, याची जुनी घडी त्याच्याबरोबर विस्कटली.

शिंपला राहतो तो या तलावांत आणि नदीच्या संथ डोहांत. आपल्याकडे मोत्यासाठी वापरला जाणारा मुख्य शिंपला म्हणजे लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. गाळात अर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातो आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतो. एक शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी असं चाळतो. त्याच्या जन्माची गोष्ट मात्र मोत्याच्या कुठल्याही दंतकथेपेक्षा मोठी आहे. मादीच्या पोटातून बाहेर पडलेली पिल्लं स्वतः जगू शकत नाहीत. त्यांना मासा लागतो. माशाच्या कल्ल्याला किंवा परांना ती चिकटतात, काही दिवस-आठवडे तिथंच वाढतात आणि मग सुटून तळाशी पडतात. तिथून पुढं शिंपल्याचं खरं आयुष्य सुरू होतं. मासा संपला तर शिंपलाही संपतो. आज दिसणारे मोठे शिंपले मग वांझ तलावातले म्हातारे ठरतात. मोत्याच्या धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकानं हे आधी पाठ करावं असं मला मनापासून वाटतं, कारण प्रशिक्षणाच्या जाहिरातींत नफ्याचे आकडे असतात, मासा नसतो.

भारतात हे तंत्र उभं केलं ते भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगेतल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. काम दिसतं सोपं, पण हात स्थिर लागतो. आठ-दहा सेंटिमीटरचे निरोगी शिंपले निवडायचे. दोन-तीन दिवस त्यांना नळाच्या पाण्यात दाटीवाटीनं ठेवायचं, म्हणजे झडपा घट्ट मिटून धरणारा स्नायू थोडा सैल पडतो. मग झडप जेमतेम फटीएवढी उघडून आत केंद्रक, म्हणजे ज्यावर मोत्याचा थर चढतो तो गाभा, बसवायचं. ते तीन जागी बसवता येतं: कवचाच्या लगतच्या पोकळीत, आवरणाच्या मांसात किंवा प्रजोत्पादक अवयवात. पहिल्या पद्धतीनं गणपती, बुद्ध अशा आकृत्यांचे मोती निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या पद्धतीत दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा दोन मिलिमीटरचा तुकडाही आत सारावा लागतो, कारण मोत्याचा थर विणणाऱ्या पेशी त्याच तुकड्यात असतात. शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस औषधाच्या पाण्यात देखरेख; रोज पाहायचं, मेलेले काढायचे. मग नायलॉनच्या जाळीदार पिशवीत दोन-दोन शिंपले घालून मीटरभर खोल पाण्यात टांगायचे आणि बारा ते अठरा महिने वाट पाहायची. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात जातो, तलाव आक्रसतो, पाण्यातला प्राणवायू उतरतो. ते दिवस पार पाडणं हीच इथल्या मोतीशेतीची खरी परीक्षा.

आता टोबा.

जपानच्या मिए प्रांतात, इसेच्या महामंदिराच्या पलीकडे, डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि किनारा बोटांसारखा फाटत जातो. नागोयाहून रेल्वेनं पावणेदोन तासांच्या आत टोबा येतं. तिथं एका उडोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानदाराच्या घरी १८५८ मध्ये मिकिमोतो कोकिची जन्मला. त्याच्या उमेदीच्या काळात मोत्यांच्या हव्यासापायी तिथला अकोया शिंपला संपत चालला होता, आणि म्हणून त्यानं शिंपले पाळायला घेतले. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी शिंपला वाचवायची खटपट आली, मोती पिकवायची युक्ती नंतर. १८९२ मध्ये समुद्रात तांबडी लाट आली. सूक्ष्म शैवालाचा तो उद्रेक पाण्याचा प्राण शोषून घेतो, आणि त्यानं एका उपसागरातले त्याचे शिंपले मारले. टोबाजवळच्या एका लहानशा बेटाजवळ ठेवलेले तेवढे वाचले. ११ जुलै १८९३ या दिवशी मिकिमोतो आणि त्याची बायको उमे त्यातले शिंपले उघडून पाहत होते. एकात अर्धगोल मोती निघाला. तीन वर्षांनी पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी, १८९६ मध्ये, उमे गेली. पूर्ण गोल मोती साधायला आणखी जवळपास दशक लागलं.

या सगळ्यात पाण्याखाली उतरत होतं कोण? आमा. म्हणजे समुद्रात बुड्या मारून पोट भरणाऱ्या बाया. अकोया शिंपले तळावरून वेचून आणणं, केंद्रक बसवल्यावर ते परत तळाशी नेऊन मांडणं, तांबडी लाट किंवा थंडी आली की उचलून सुरक्षित जागी हलवणं, सगळं काम आमांचं. पुढं शिंपले तराफ्यांना टांगायची पद्धत आली, लहान शिंपले गोळा करायच्या नव्या युक्त्या निघाल्या आणि मोत्याच्या धंद्याला बुडी मारणाऱ्या बाईची गरज उरली नाही. आज त्या बेटावर पांढऱ्या पोशाखातल्या आमा ठराविक वेळी पर्यटकांना जुनी पद्धत दाखवतात. एका दिवसाच्या सहलीत बहुतेक लोक तेवढंच पाहून परततात.

पण आमा मोत्यासाठी जन्मल्या नव्हत्या. मोती त्यांच्या आयुष्यात मध्येच आला आणि गेला. त्यांचा मूळ व्यवसाय अवाबी म्हणजे समुद्री कानशिंपला, साझाए नावाची गोगलगाय, समुद्री काकडी आणि खाद्य शेवाळ वेचण्याचा. टोबाजवळच्या ओसात्सु गावात अशा बाया आजही मोठ्या संख्येनं आहेत. त्यांतल्या कित्येक साठी-सत्तरी ओलांडलेल्या. बुडी मिनिटभराची, बहुधा त्याहून कमी. काही जणी काठावरून एकट्या पोहत जातात. काही नवऱ्याबरोबर नावेत जातात. ती खाली असते, तो वर दोर धरून. पाण्यावर आल्यावर त्या ओठांतून सावकाश श्वास सोडतात आणि त्याची शीळ होते. डोक्याच्या रुमालावर दोन खुणा शिवलेल्या असतात: एका रेषेत काढलेली चांदणी, जिची रेघ सुरू झाली तिथंच परत येते, आणि आडव्या-उभ्या रेघांची जाळी, जिच्यातून वाईट शक्ती आत येऊ शकत नाही. पाण्यातून सुखरूप परत यावं, एवढंच त्यात मागणं. बुडी संपली की काठावरच्या झोपडीत शेकोटीभोवती बसून अंग शेकतात, आणि तिथंच अनुभवी बाई नव्या मुलीला खडक कुठला, प्रवाह कसा, ते सांगते.

टोबाचं खरं धन मला त्या झोपडीत दिसतं, आणि तिथल्या नियमांत. किनाऱ्यावरचा मासेमारीचा हक्क स्थानिक सहकारी संस्थेचा. बुडीचे दिवस आणि वेळा ठरलेल्या. प्राणवायूच्या नळकांड्या लावून वेचायला मनाई. मिए प्रांतात १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान अवाबी काढता येत नाही. आमा माप जवळ बाळगते आणि लहान असेल तर परत ठेवते. नळकांडं लावलं तर एका दिवसात खडक रिकामा होईल, हे त्यांना कुणा तज्ज्ञानं सांगावं लागलं नाही. माणसाचा श्वास जिथवर पुरतो तिथवरच लूट, अशी ती सीमा आहे. २०१७ मध्ये जपान सरकारनं टोबा आणि शिमा भागातल्या आमांच्या मासेमारीच्या कौशल्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकवारशाचा दर्जा दिला. तोवर संख्या फार घटली होती. १९५६ च्या सुमारास देशभर सतरा हजारांवर आमा होत्या; आज त्या दोन हजारांपेक्षा कमी आहेत. मुली शहरात गेल्या हे एक कारण. दुसरं समुद्रातलं जंगल विरळ झालं हे. अवाबी ज्या मोठ्या पानांच्या शेवाळावर जगते ते शेवाळ तापलेल्या पाण्यात टिकत नाही, खडक उघडे पडतात, आणि नियम पाळूनही हाती काही लागत नाही.

आपल्या तलावांच्या तळाशीही जंगल होतं. ते कसं गेलं हे ढिवर समाजातल्या बाया सांगू शकतात, कारण पाण्यात उतरणं त्यांच्या रोजच्या कामात आलं. झाडीपट्टीत ढिवर पुरुष जाळं टाकतो. बाई काठाच्या उथळ पाण्यात कमरेएवढी उतरून हातानं मासे, खेकडे, गोगलगायी धरते, शिंगाडे काढते, कमळाचे कंद उपसते, आणि मग टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठते. कोणत्या महिन्यात कुठला मासा काठाला येतो, कुठल्या पाणवनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, कुठं गाळ मऊ आणि कुठं टणक, हे सगळं तिच्या पायांना माहीत असतं. तरी मच्छीमार सहकारी संस्थेच्या नोंदवहीत सभासद म्हणून नाव लागायचं ते घरातल्या पुरुषाचं. तलावाचा ठेका कुणी घ्यायचा, कुठलं बीज सोडायचं, हे त्या वहीत नाव असणारेच ठरवत. कतला, रोहू, मृगळ आणि गवत खाणारा कार्प असं बाहेरचं बीज आलं. तळाच्या वनस्पती खुडल्या गेल्या. काठावर बेशरमाची झुडपं माजली. मरळसारखे स्थानिक मासे विरळ झाले. आणि मासा विरळ झाला की शिंपल्याच्या पिल्लांना चिकटायला जागा उरत नाही, ही साखळी कुणी मोजत नव्हतं.

भंडारा-गोंदियात याच्या उलट दिशेनं काम झालं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवरांच्या माहितीतून तलावांचा अभ्यास करत आले. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर स्त्रियांनी ते काम हातात घेतलं. उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला की बेशरम उपटायची, नांगरून मुळं काढायची. पाऊस पडून पाणी चढू लागलं की बायांनी पाण्यात उतरून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदाच्या जाती अशा मूळच्या पाणवनस्पती रोवायच्या. धान रोवायला जसं वाकतात तसं वाकून, फक्त पाणी जास्त. काही वर्षांत स्थानिक मासे परत येऊ लागले, पक्षीही आले. बायांनी संस्थांमधल्या जागेसाठीही भांडण मांडलं. हे काम वैनगंगेच्या वरच्या अंगाला झालं. खालच्या अंगाला, सावली-गडचिरोली-चामोर्शीच्या तलावांत, ते तेवढ्याच जोमानं व्हायला हवं.

माझं म्हणणं इतकंच आहे: मोती यायच्या आधी हे व्हायला हवं. नाहीतर काय होतं याचे दोन पुरावे जगात आहेत. जपानच्या बिवा सरोवरात गोड्या पाण्यातले उत्तम मोती पिकत. काठचं सांडपाणी आणि शेतीतली रसायनं सरोवरात गेली, शिंपले मेले, धंदा बसला आणि बाजार चीनकडे गेला. दुसरा पुरावा जपानच्या समुद्री मोत्यांच्या पोटात आहे. समुद्री अकोयात जे गोल केंद्रक बसवतात ते बहुतेक अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि टेनेसी नद्यांच्या शिंपल्यांच्या जाड कवचातून कातलेलं असतं. आधी बटणांसाठी आणि मग मोत्यांसाठी त्या नद्यांतले शिंपले टनांनी उपसले गेले. त्यात धरणं आणि प्रदूषण मिसळलं. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे तीनशे जातींपैकी बहुसंख्य आज धोक्यात आहेत, काही कायमच्या गेल्या. म्हणजे समुद्रातल्या मोत्याची किंमतसुद्धा कुठल्यातरी नदीनं मोजलेली असते.

वैनगंगेवर आधीच ओझं आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे तिच्यात उतरतं. पवनीजवळ गोसीखुर्दची भिंत आहे, चामोर्शीजवळ चिचडोहचा बंधारा. अशा नदीतून धंद्यासाठी पोत्यांनी शिंपले उपसू लागलो, तर मोतीशेतीची पहिली पिढी श्रीमंत होईल आणि दुसऱ्या पिढीला शिंपला विकत आणावा लागेल. मोतीशेती करणाऱ्या शेतकऱ्यांना दोष देण्याचं इथं कारण नाही. कोरडवाहू धानावर जगणाऱ्या माणसानं घरामागच्या तळ्यात नवी वाट काढली, त्याचा अभिमानच वाटायला हवा. प्रश्न आहे तो बियाण्याचा. तळं त्याचं असेल, नदी सगळ्यांची आहे.

आणि नदी-तलावावर सगळ्यांचा हक्क कसा चालवायचा, हे शिकवायला गडचिरोलीला जपानला जायची गरज नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवला, नंतर स्वतःच्या बांबूची विक्री स्वतः केली. त्यानंतर या जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ बांबू आणि तेंदू एवढाच उरला आहे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात मासे आणि जलाशयातली इतर उत्पादनं यांवरचा सामूहिक हक्कही स्पष्ट लिहिला आहे. शिंपला हे जलाशयाचं उत्पादन. वनहक्काच्या दाव्यात ज्या गावाचा तलाव किंवा नदीचा पट्टा आला असेल, त्या गावाच्या ग्रामसभेला शिंपल्याबद्दल नियम करता येतात: कुठला डोह बंद ठेवायचा, कुठल्या महिन्यांत हात लावायचा नाही, किती लहान शिंपला परत पाण्यात सोडायचा, बाहेरून येणाऱ्यानं काय मोजायचं. तेंदूच्या लिलावात ठेकेदाराशी बरोबरीनं बोलणाऱ्या या ग्रामसभांना तेवढं काम जड नाही.

हे नियम लिहायला बसताना तलावात उतरणाऱ्या बाया त्या बैठकीत हव्यात, मागच्या रांगेत नव्हे तर बोलायला. मोठा शिंपला गाळात किती खोल बसतो, लहान कुठं सापडतात, यंदा कमी का झाले, हे त्याच सांगतील. मोतीकेंद्रांच्या प्रशिक्षणातही पहिली जागा त्यांना द्यावी. बारीक हातानं, धीरानं करायचं हे काम आहे, आणि पाण्यातल्या जिवाला किती ताण सोसतो याचा अंदाज त्यांच्या हाताला आधीच आहे. संस्थेच्या नोंदवहीत त्यांची नावं सभासद म्हणून चढावीत. टांगलेल्या पिशव्यांपैकी काही शिंपले केंद्रक न घालता, नुसते पैदाशीसाठी, स्थानिक मासे असलेल्या तलावात सोडावेत. प्रत्येक हंगामात जितके काढले त्याच्या हिशोबानं किती परत सोडायचे, हा आकडाही ग्रामसभेच्या ठरावात लिहावा. या कामाला मुहूर्त येत्या उन्हाळ्याचा आहे, कारण पाणी उतरल्यावरच तळ मोजता येतो, बेशरम उपटता येते आणि कुठल्या डोहात किती शिंपले उरले आहेत ते हातानं चाचपून पाहता येतं.